सेल्युलर जेल आणि बंदिवासाची बेटं: अंदमानला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अंदमानच्या बहुतेक सहलींत सेल्युलर जेलच्या वाट्याला जेमतेम दीड तास येतो. विमान दुपारी उतरतं, हॉटेलवर बॅगा टाकल्या जातात, साडेतीन-चारला सगळा गट जेलच्या फाटकाशी. मग सावरकरांच्या कोठडीपुढे रांग, फोटो आणि अंधार पडला की ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट हॅवलॉकला निघते. ज्या जागेचं नाव आपण शाळेपासून ऐकत आलो, तिथेच आपण सर्वात कमी वेळ थांबतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून पहिलाच आग्रह हा: या जागेला दोन पूर्ण दिवस द्या आणि एका कोठडीपुरतं जाऊ नका. सावरकरांची कोठडी पाहायचीच आहे. पण ती नीट कळायची तर शेजारच्या कोठड्या, समोरचं गोऱ्या साहेबांचं रॉस बेट आणि जेल उभं राहण्याआधी जिथे तुरुंग होता ते व्हायपर बेट, हे सगळं पाहावं लागतं.

निघण्याआधी एवढं माहीत असू द्या

जागांची नावं बदलली आहेत, त्यामुळे बुकिंग करताना गोंधळ होतो. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम आहे. डिसेंबर 2018 मध्ये रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, हॅवलॉक स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप. रिक्षावाले, बोटवाले, हॉटेलवाले अजून सर्रास जुनीच नावं घेतात. तिकिटावर मात्र नवं नाव असू शकतं. दोन्ही लक्षात ठेवा.

इतिहासाचा क्रमही मनात पक्का असला की तिथे गाइडचं बोलणं कानावरून जात नाही. 1857 चा उठाव मोडल्यावर पकडलेल्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्न इंग्रजांपुढे होता. मार्च 1858 मध्ये जे. पी. वॉकर हा अधिकारी 200 कैद्यांना घेऊन इथे उतरला. तेव्हा इथे तुरुंगाच्या भिंती नव्हत्या. चहूकडे समुद्र आणि घनदाट जंगल हाच तुरुंग होता. जंगल तोडायचं, दलदल भरायची, घरं बांधायची, सगळं कैद्यांच्या हातून. पळून गेलेले जंगलात मेले किंवा पकडून फासावर चढवले गेले. सेल्युलर जेल आलं त्यानंतर चाळीस वर्षांनी. 1896 ला बांधकाम सुरू झालं आणि 1906 ला संपलं. म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा जेलपेक्षा कितीतरी जुनी.

एक गल्लत आपल्याकडे फार होते. वासुदेव बळवंत फडके अंदमानात नव्हते, त्यांना एडनला पाठवलं होतं आणि तिथेच 1883 मध्ये ते गेले. टिळक मंडालेला होते. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथल्या नामफलकांवर ती ही नावं शोधत बसतात.

कधी आणि कसं

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वात बरा. एप्रिलमध्ये उकाडा वाढतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, समुद्र खवळतो आणि छोट्या बेटांच्या बोटी ऐनवेळी रद्द होतात. सावरकर जयंतीला, 28 मे रोजी, तिथे असावं म्हणून महाराष्ट्रातून अनेक गट जातात. ती भावना मला समजते. त्या दिवसांत जायचं असेल तर जेल पावसातही पाहता येतं, पण रॉस आणि व्हायपरसाठी हाताशी एक मोकळा दिवस ठेवाच.

मुंबई-पुण्याहून बहुधा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादमार्गे जावं लागतं. चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोचतं. उतरता तो विमानतळ सावरकरांच्याच नावाचा आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही सुटतात, त्यांना साधारण तीन दिवस लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने, घरातले ज्येष्ठ सोबत असताना, जहाजाच्या फंदात पडू नये. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर सरळ रेषेत सुमारे 1350 किलोमीटर आहे. विमानात खिडकीची जागा मिळाली तर बघा, बराच वेळ खाली नुसतं पाणी दिसतं. सावरकरांना ‘महाराजा’ नावाच्या आगबोटीने मद्रासहून याच समुद्रावरून नेलं. 4 जुलै 1911 ला ते बंदरात उतरले.

भारतीय नागरिकांना शहरात, जेलमध्ये आणि रॉसवर जायला परवाना लागत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं, मुलांचंसुद्धा, मूळ प्रत हवी, कारण बोटींच्या तिकिटाला ते विचारतात. अमेरिका, इंग्लंडहून येणाऱ्या आणि परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांसाठी नियम वेगळे आहेत. ते त्यांनी निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर वाचून घ्यावेत.

राहायला अबर्डीन बाजार किंवा त्याच्या आसपासची जागा घ्या. तिथून जेल चालत गाठता येतं आणि रॉसच्या बोटींचा धक्का उताराच्या खाली आहे. समुद्राकाठच्या लांबच्या रिसॉर्टवर राहिलात तर दोन्ही दिवस रिक्षाभाडं ठरवण्यात जातात. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलंय आणि शहरात मोबाइलवरून पैसे देता येतात. तरी धक्क्यावर आणि छोट्या दुकानांत रोख लागते.

तिथला दिवस लवकर संपतो

नवख्यांची सर्वात मोठी फसगत इथे होते. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश आहे, घड्याळ मात्र तेच. त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तासाहून थोडा जास्तच आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्यास्त होतो. ‘दुपारी जेवून, जरा आडवं होऊन चारला निघू’ हा आपला हिशेब तिथे चालत नाही. चारला निघालात की कोठड्यांत उजेड उरत नाही, आणि जेल बंद व्हायची वेळही झालेली असते. पहाटे पाचला उजाडतं तेव्हा उठा, सकाळी दरवाजा उघडताना फाटकाशी असा आणि दुपारी झोपा.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधीच विचारा, जेल कोणत्या वेळी दाखवणार? सकाळी दाखवणार असतील तर उत्तम. नसतील तर त्यांच्याबरोबर संध्याकाळचा कार्यक्रम बघा आणि आपली आपण एक सकाळ वेगळी काढा. तिकीट फार महाग नाही.

पहिली सकाळ: जेल

जेल अटलांटा पॉइंट या उंचवट्यावर आहे, तीन बाजूंना उतार आणि खाली समुद्र. दुपारी मधल्या सुट्टीला ते काही वेळ बंद ठेवतात. सुट्टीचे वार आणि वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलातून खात्री करून घ्या. कार्यक्रमाचं तिकीट वेगळं असतं. गर्दीच्या महिन्यांत ते आधीच काढून ठेवावं.

आत शिरताना दोन्ही बाजूंना संग्रहालयाची दालनं आहेत. घाईने पुढे पळू नका. फटके मारायची तिकाटणी, दंडाबेडी, आडव्या दांड्याची बेडी, गोणपाटाचे कपडे, सगळं तिथे आहे. आडव्या बेडीच्या नमुन्यापुढे थोडं उभे राहा. दोन्ही पायांच्या मध्ये लोखंडी दांडा असतो, तो पाय जवळ आणू देत नाही. ही बेडी घालून माणूस चालणार कसा, झोपणार कसा, हे डोळ्यांसमोर आलं की पुढे गाइडला फारसं सांगावं लागत नाही.

फाटकाशी अधिकृत गाइड मिळतात. पहिल्या फेरीसाठी घ्या. ते हिंदीत साधारण पाऊण तासात सगळं फिरवतात. त्यांची फेरी संपली की बाहेर पडू नका, पुन्हा एकट्याने सुरू करा. खरं बघणं दुसऱ्या फेरीत होतं.

ही इमारत कशी चालायची ते आधी समजून घ्या. मधे एक मनोरा, आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तिमजली इमारती. एकूण कोठड्या जवळजवळ 700. प्रत्येक इमारतीतून बाहेर पडायची वाट मनोऱ्यातूनच. त्यामुळे मनोऱ्यावरचे मोजके पहारेकरी सगळ्यांवर नजर ठेवू शकत. आणि एका इमारतीचं तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे केलेलं. कोठडीच्या गजांतून समोर बघितलं तर दिसते ती पुढच्या इमारतीची मागची भिंत आणि तिच्यातले उंचावरचे झरोके. माणूस दिसत नाही. इथे बराकी नाहीत, प्रत्येकाला वेगळी कोठडी. लोकांनी एकमेकांशी बोलू नये, एकमेकांना बघूही नये, एवढ्यासाठी हा सगळा आराखडा.

आता तळमजल्यावरच्या एखाद्या रिकाम्या कोठडीत जा. साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद. मागच्या भिंतीत साधारण दहा फुटांवर एक झरोका, त्यातून फक्त आभाळाचा तुकडा दिसतो. दार गजांचं. या दाराची कडी बघाच. लोखंडी दांडा दारापासून लांब, बाहेरच्या भिंतीत केलेल्या कोनाड्यापर्यंत जातो आणि कुलूप त्या कोनाड्यात लागतं. आत उभं राहून गजांतून हात बाहेर काढा आणि कुलपापर्यंत बोटं पोचवून बघा. कितीही ताणलं तरी पोचत नाहीत. माझ्या मते संपूर्ण जेलमध्ये इतकं स्पष्ट बोलणारी दुसरी वस्तू नाही. कुणीतरी कागदावर माणसाच्या हाताची लांबी मोजून हे काढलं असणार.

रात्री कोठडीत एक मडकं मिळे, शौचासाठी तेवढंच. पहाट होईपर्यंत दार उघडत नसे. कैद्यांच्या आठवणींत या गोष्टीचा त्रास फटक्यांइतकाच येतो.

अंगणातल्या पडवीत कोलू मांडून ठेवलाय. खोबऱ्याचं तेल काढायच्या या घाण्याला बैलाच्या जागी माणूस जुंपत. दिवसाला 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास तेल काढायचं. कमी भरलं की शिक्षा. काथ्या कुटणं हे दुसरं काम, नारळाच्या सोडणाचं, ज्याला तिथे ‘छिलका’ म्हणत. हात सोलून निघत. जेलर डेव्हिड बारी याच्या अमलाखाली राजकीय कैद्यांना मुद्दाम कोलूला लावलं जाई.

फाशीघर त्याच अंगणात आहे. एका वेळी तिघांना फाशी देता येईल अशी सोय आहे, दोर टांगलेले दिसतात. तिथे गर्दीत चेष्टामस्करी करत फोटो काढणारे दिसले की फार त्रास होतो. आपल्या गटातल्या पोरांना आधीच समज द्या.

सावरकरांची कोठडी

सातव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. पायऱ्या चढून लांब सज्ज्यातून चालत जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं, वर लिफ्ट वगैरे नाही. या कोठडीला बाहेरून आणखी एक जाळीचं दार लावलेलं आहे. दोन जन्मठेपा, म्हणजे 50 वर्षांची शिक्षा घेऊन अठ्ठावीस वर्षांचा माणूस इथे आला. गळ्यातल्या बिल्ल्यावर ‘डी’ हे अक्षर, धोकादायक कैदी म्हणून. कागद-पेन्सिल नव्हती, तेव्हा भिंतीवर खिळ्याने ओळी कोरायच्या, पाठ करायच्या आणि पुसायच्या, अशी इथली कविता आपल्याला ठाऊक आहेच. ‘कमला’चा बराचसा भाग असाच झाला.

सकाळी पहिल्या तासात गेलात तर इथे दहा मिनिटं शांतता मिळते. दुपारनंतर रांग असते आणि मागचा माणूस ‘पुढे चला’ म्हणतो. इथून खाली पाहिलं तर अंगणात फाशीघर दिसतं, तेही ध्यानात घ्या.

त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून याच जेलमध्ये होते. एका आवारात असूनही दोघा भावांची भेट लवकर झाली नाही, एवढी ही इमारत आपलं काम चोख करत होती. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी 1919 मध्ये नवऱ्याची भेट न होताच गेल्या. मे 1921 मध्ये दोघा भावांना इथून हिंदुस्थानात परत नेलं. बाबारावांबद्दल गाइड फारसं बोलत नाहीत. तुम्ही विचारा.

मग मनोऱ्यावरची नावं वाचा

बहुतेक मराठी गट इथे येईपर्यंत दमलेले असतात आणि फाटकाकडे वळतात. तसं करू नका. मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार राजबंद्यांची नावं कोरली आहेत. मुंबई प्रांताच्या पाटीवर सावरकर बंधू सापडतील. कलेक्टर जॅक्सनच्या वधानंतरच्या नाशिक खटल्यात जन्मठेप झालेल्या वामन जोशींचं नावही शोधा. मुंबईची यादी लहान आहे. बंगालची वाचायला घ्या, मान दुखेल इतकी लांब. मग पंजाब.

त्यातली काही माणसं तरी ओळखीची करून जा. उल्लासकर दत्त, अलीपूर बॉम्ब खटल्यातला तरुण. हातकडीत टांगून ठेवण्याच्या शिक्षेनंतर त्याचं मन ढळलं आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात हलवावं लागलं. इंदुभूषण रॉय, 1912 मध्ये कपड्याचा दोर करून त्याने कोठडीत जीव दिला. गदर चळवळीतले भानसिंग, मारहाणीनंतर गेले. पंडित रामरखा, जानवं काढून घेतलं म्हणून अन्न सोडलं आणि त्यातच प्राण गेला.

1930 नंतर क्रांतिकारकांची दुसरी पिढी इथे आली. त्यांनी मे 1933 मध्ये उपोषण केलं ते उजेड, वाचायला पुस्तकं, खाण्याजोगं अन्न अशा मागण्यांसाठी. नाकातून नळी घालून जबरदस्तीने दूध पाजताना ते फुप्फुसात गेलं आणि महावीर सिंह, मोहन किशोर नामदास, मोहित मैत्र हे तिघे गेले. मृतदेह घरच्यांना मिळाले नाहीत, समुद्रात टाकले गेले. महावीर सिंह हा लाहोर खटल्यातला, भगतसिंगांचा सहकारी. जुलै 1937 मध्ये पुन्हा मोठं उपोषण झालं. देशभर आवाज उठला आणि 1938 च्या सुरुवातीपर्यंत राजकीय कैद्यांना परत पाठवावं लागलं. म्हणजे हे जेल रिकामं झालं ते कैद्यांच्याच उपाशी पोटांमुळे. हा भाग आपल्या शाळेच्या पुस्तकांत फार थोडा येतो.

जेलसमोरच्या बागेत या सहा हुतात्म्यांचे पुतळे आहेत: इंदुभूषण, भानसिंग, रामरखा, महावीर सिंह, नामदास, मोहित मैत्र. सावरकरांचाही आहे. नावं वाचून, मनोऱ्याच्या पाट्या पाहून, मग इथे या. क्रम असा ठेवलात तर पुतळे अनोळखी राहत नाहीत.

सातांपैकी आज तीनच इमारती उभ्या का, असं मुलं हमखास विचारतात. जून 1941 च्या भूकंपात इमारतींना तडे गेले. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी बेटं घेतली आणि त्यांच्या काळात दोन इमारती पाडल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर आणखी दोन पाडून तिथे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं राहिलं. माजी राजबंद्यांनी विरोध केला म्हणून उरलेल्या वाचल्या. 11 फेब्रुवारी 1979 ला पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या हस्ते हे राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं.

जपानी काळाबद्दलही गाइडला विचारा. नेताजींनी 30 डिसेंबर 1943 ला इथे तिरंगा फडकवला, हे सगळे सांगतात. पण त्याच काळात जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून स्थानिकांना याच कोठड्यांत कोंडून छळलं. कवी-डॉक्टर दिवाण सिंग जानेवारी 1944 मध्ये इथेच मारले गेले आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला हंफ्रीगंजला 44 जणांना गोळ्या घातल्या. दोन्ही गोष्टी एकाच जागेच्या आहेत.

शेवटी गच्चीवर जा. पूर्वेला हाकेच्या अंतरावर रॉस बेट दिसतं आणि उत्तरेला नॉर्थ बेचं दीपगृह. जुन्या वीस रुपयांच्या नोटेमागचं दृश्य याच किनाऱ्याचं.

संध्याकाळचा कार्यक्रम

ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम अंगणात उघड्यावर होतो. जेलमधलं पिंपळाचं झाड बोलतंय अशी कल्पना आहे. बहुतेक खेळ हिंदीत, काही इंग्रजीत. सकाळी जेल पाहून झालेलं असेल तर हा कार्यक्रम मनाला भिडतो. नुसताच पाहिला तर नाट्यमय आवाज तेवढे लक्षात राहतात. डासांचं मलम लावा. पावसाची शक्यता असेल तर छत्रीपेक्षा रेनकोट न्या, छत्रीने मागच्यांना दिसत नाही.

दुसरा दिवस: रॉस आणि व्हायपर

रॉसच्या बोटी अबर्डीनच्या धक्क्यावरून, जलक्रीडा संकुलातून सुटतात. सकाळची पहिली बोट पकडा. एजंट ‘तीन बेटं’ असं एकत्र तिकीट गळ्यात मारतात: रॉस, नॉर्थ बे, व्हायपर. त्यात नॉर्थ बेला पाण्यातल्या खेळांसाठी तीन-चार तास जातात आणि रॉसला दीड तास उरतो. पोरांना प्रवाळ बघायचे असतील तर ठीक. नाहीतर फक्त रॉसचं तिकीट मागा आणि परतीची बोट कोणती, ते चढण्याआधी पक्कं करा.

बोटीची वाट बघताना त्याच संकुलातलं अबर्डीनच्या लढाईचं स्मारक पाहा. 17 मे 1859 ला अंदमानी आदिवासींनी वसाहतीवर हल्ला केला. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी वर्षभर त्यांच्यात राहिला होता. त्याने परत येऊन इंग्रजांना आधीच खबर दिली आणि धनुष्यबाणवाले बंदुकांपुढे मारले गेले. कैद्यांच्या आधीपासून ही बेटं त्यांची होती. त्यानंतरच्या रोगराईत ग्रेट अंदमानी जमात जवळपास संपली.

रॉसला पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. उतरल्याबरोबर जपान्यांचा बंकर लागतो. 1858 पासून 1941 च्या भूकंपापर्यंत हे बेट अंदमानच्या कारभाराचं केंद्र होतं. मुख्य आयुक्ताचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, नाचघर, पोहण्याचा तलाव, टेनिसचं मैदान, पाणी शुद्ध करायचं यंत्र, एवढा सगळा थाट. आता भिंतींना वडा-पिंपळांच्या जातीच्या झाडांची मुळं विळखा घालून बसली आहेत, काही ठिकाणी भिंत पडून गेलीय आणि मुळांनी तिचा आकार तेवढा धरून ठेवलाय. चितळं आणि मोर मोकळे फिरतात. चितळं हातातल्या पिशवीकडे तोंड घालतात, खाणं झाकून ठेवा.

जेलनंतर रॉस, हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. बेकरीच्या पडक्या भट्टीपाशी किंवा चर्चच्या आवारात उभे राहिलात की जेल आणि तुमच्या मधे पाण्याची पट्टी तेवढी असते. ही प्रत्येक वीट कैद्यांनी वाहिली. इकडे संध्याकाळी बँड वाजायचा आणि तिकडे कोठड्यांना कुलपं लागायची. जेल न पाहता रॉस पाहिलं तर ते फक्त सुंदर पडकं बेट वाटतं.

चढ आहे, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. चालता येणाऱ्यांनी चालत जावं आणि मागच्या बाजूला पायऱ्या उतरून दीपगृहापर्यंत जावं, तिथवर फार कमी लोक येतात. बेटावर वस्ती नाही. नौदलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे संध्याकाळच्या कार्यक्रमाखेरीज अंधार पडल्यावर थांबता येत नाही.

व्हायपर बंदराच्या आतल्या बाजूला आहे. तिथे जाणाऱ्या फेऱ्या कमी असतात आणि काही बोटी नुसत्या बाजूने फिरवून आणतात. ‘बेटावर उतरवणार का?’ हे स्पष्ट विचारा. सेल्युलर जेलच्या आधीचा तुरुंग इथे होता, साखळदंडात बांधलेल्या कैद्यांसाठी. टेकाडावर लाल विटांचं, घुमटाचं फाशीघर उभं आहे. 8 फेब्रुवारी 1872 च्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याला होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या पठाण कैद्याने भोसकून मारलं. एका व्हाइसरॉयचा कैद्याच्या हातून खून, तोही कैद्यांच्याच बेटांवर. महिन्याभराने, 11 मार्चला, शेर अलीला व्हायपरवर फाशी दिली. बेटावर पाहायला थोडंच आहे, अर्धा तास पुरतो. पण उतरायला मिळालं तर उतरा.

आणखी अर्धा दिवस असेल तर

चॅथम बेटाला पुलावरून गाडी जाते. तिथली 1883 ची सरकारी लाकूड गिरणी आशियातल्या सर्वात जुन्या गिरण्यांपैकी, आणि आवारात 1942 च्या जपानी बॉम्बचा खड्डा जपून ठेवलाय. कामाच्या दिवशी जा. चॅथमहून वाहनांची फेरीबोट बांबू फ्लॅटला जाते. तिथून वर माउंट हॅरिएट, आताचं माउंट मणिपूर राष्ट्रीय उद्यान. 1891 च्या युद्धानंतर मणिपूरचे राजे कुलचंद्र ध्वज सिंह आणि त्यांच्या साथीदारांना इथे ठेवलं होतं. मेयो मारला गेला तो याच डोंगरावरून सूर्यास्त पाहून खाली उतरताना.

तिथल्या माणसांशी बोलताना

शहरातले बरेच लोक स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवतात. शिक्षेचा काही काळ नीट काढलेल्या कैद्यांना शेती करायला, घर मांडायला परवानगी मिळे. स्त्री-कैदीही इथे आणल्या जात, आणि त्यांच्यातून लग्नं जुळत. बंगाली, पंजाबी, मद्रासी, मराठी सगळे मिसळले, जातीची बंधनं सैल झाली आणि हिंदी ही सगळ्यांची भाषा झाली. त्यांच्याशी गप्पा मारा, ते मोकळेपणाने बोलतात. ‘तुमच्या आजोबांनी काय गुन्हा केला होता?’ हे मात्र आपण होऊन विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतात, आणि ऐकण्यासारखं असतं.

ज्येष्ठ सोबत असतील तर जेल आणि रॉस एकाच दिवशी करू नका, दोन्हीकडे चढउतार आहे आणि दमट उकाड्यात दम लागतो. टोपी, पाण्याची बाटली, घट्ट बसणाऱ्या चपला. रॉसवरच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळव्याच्या सँडल घसरतात. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना संग्रहालयातली शिक्षेची दालनं झपकन दाखवा आणि कोठडीत, गच्चीवर जास्त वेळ द्या. कडीची गंमत त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते. किनाऱ्यावरचे प्रवाळ किंवा शिंपले बॅगेत टाकू देऊ नका, ते नेण्यावर बंदी आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत ते काढून घेतात.

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या संध्याकाळीच सामान आवरा. दुपारचं असेल तर ती सकाळ पुन्हा जेललाच द्या, नवं तिकीट काढून, गाइडशिवाय.